गोल मोजायचे, तर सामनेही सांगा

8 सप्टेंबर 2023. ब्राझीलच्या उत्तरेला बेलेम शहरात बोलिव्हियाविरुद्ध वर्ल्ड कप पात्रतेचा सामना होता. नेयमारनं दोन गोल केले, ब्राझील 5-1 नं जिंकलं आणि त्याच्या नावावर 79 आंतरराष्ट्रीय गोल झाले. पेलेचे 77. पेले जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि पन्नास वर्षांहून जुना त्याचा विक्रम मोडला गेला. आपल्याकडे तेव्हा 9 तारखेची सकाळ उजाडत होती. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या फुटबॉल ग्रुपवर लोक तोंड धुवायच्या आधीच भांडायला लागले होते.

नेयमार मोठा की पेले, यावर भांडण नव्हतं. त्याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. भांडण आकड्यावरून होतं. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या हिशेबात पेलेचे गोल 95 आहेत. वरचे 18 गोल क्लबांविरुद्ध आणि निवडक संघांविरुद्धच्या सामन्यांतले, अंगावर ब्राझीलचीच जर्सी घालून केलेले. फिफा ते धरत नाही. मग नेयमारनं विक्रम मोडला की नाही? एक जण म्हणाला, ब्राझीलचा हिशेब ब्राझीलवाल्यांनी सांगायचा, फिफा कोण लागून गेली? दुसरा म्हणाला, असं प्रत्येक जण आपापलं मोजायला लागला तर विक्रम या शब्दाला अर्थच राहणार नाही. दोघंही चिडले होते, आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

या वादाची पाळंमुळं पेलेच्याही फार मागे जातात. दक्षिण अमेरिकेत देशादेशांतले सामने सुरू झाले तेव्हापासूनच कुठला सामना ‘देशाचा’ आणि कुठला नाही, हा घोळ आहे. तिथल्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतल्या गोलवीरांच्या याद्या आज इंटरनेटवर सहज सापडतात. नाव, सामने, गोल, असे तीन रकाने. त्या बघून आपण कोण मोठा, कोण लहान ते ठरवून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की सामन्यांची यादी सोबत नसेल, तर त्या काळाचा असा तक्ता विक्रम म्हणून छापूच नये. कुठल्या तारखेला, कुठं, कुणाविरुद्ध, संघात कोण होतं आणि कोण असायला हवं होतं पण नव्हतं, हे कळल्याशिवाय तो आकडा नुसती ऐकीव गोष्ट ठरतो.

सुरुवातीपासूनच बघा. ला प्लाता नदीच्या दोन काठांवर ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ. रात्री बोटीत बसलं की सकाळी पलीकडे. 1901 च्या मे महिन्यात माँटेव्हिडिओतल्या पासो देल मोलिनोच्या मैदानावर दोन्ही बाजू भेटल्या आणि अर्जेंटिना 3-2 नं जिंकली. पण उरुग्वेकडून खेळले ते बहुतेक आल्बिओन या एकाच क्लबचे खेळाडू. म्हणून तो सामना अधिकृत धरला जात नाही. पुढच्या वर्षी, 20 जुलै 1902 ला, त्याच मैदानावर अर्जेंटिनानं 6-0 नं सामना जिंकला आणि तो मात्र पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ठरला. चेंडू तसाच, गर्दी तशीच, तरी एका सामन्यातले पाच गोल हिशेबाबाहेर आणि दुसऱ्यातले सहा हिशेबात. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण तो निर्णय होता, आणि तो माणसांनी घेतला होता. 1910 मध्येही हेच घडलं. अर्जेंटिनाच्या मे क्रांतीची शताब्दी म्हणून अर्जेंटिना, उरुग्वे आणि चिली अशी तिरंगी स्पर्धा झाली. खंडातली पहिली स्पर्धा तीच, असं म्हणणारे आजही आहेत. खंडाच्या महासंघाच्या लेखी मात्र पहिली स्पर्धा 1916 ची.

ती 1916 ची स्पर्धा ब्युनोस आयर्सला झाली, अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त. संघ चारच: अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, चिली. स्पर्धा चालू असतानाच 9 जुलैला दक्षिण अमेरिकेचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला. 2 जुलैच्या पहिल्या सामन्यात उरुग्वेनं चिलीला 4-0 नं हरवलं. आज ज्या स्पर्धेला कोपा अमेरिका म्हणतात तिच्या इतिहासातला पहिला गोल होसे पिएंदिबेनेचा. त्याला लोक ‘एल माएस्त्रो’ म्हणत, म्हणजे गुरुजी. गोल केल्यावर तो आनंद साजरा करायचा नाही. समोरच्याचा अपमान होऊ नये म्हणून.

पिएंदिबेनेनं त्या दिवशी दोन गोल केले, आणि इसाबेलीनो ग्रादीननं दोन. ग्रादीन तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांचा वंशज. तो इतका वेगवान होता की तीन वर्षांनी धावण्याच्या दक्षिण अमेरिकन स्पर्धेत त्यानं 200 आणि 400 मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्याच्यावर पेरूच्या हुआन पार्रा देल रिएगोनं कविता लिहिली. सामना हरल्यावर चिलीच्या पथकानं तक्रार केली की उरुग्वेनं संघात दोन आफ्रिकन खेळवले, सबब निकाल रद्द करा. ते दोघे म्हणजे ग्रादीन आणि हुआन देल्गादो. दोघंही उरुग्वेत जन्मलेले, उरुग्वेचे नागरिक. तक्रार टिकली नाही. ग्रादीन तीन गोल करून स्पर्धेचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि उरुग्वे विजेता.

आता तक्त्यात बघा. ‘1916: ग्रादीन, 3.’ संपलं. सध्याच्या स्पर्धेत कुणी तीन गोल केले तर आपण मान डोलावून पुढे जातो. पण ते तीन गोल तीनच सामन्यांच्या स्पर्धेतले आहेत, आणि त्यातले दोन ज्या सामन्यात झाले, तो सामना कातडीच्या रंगावरून पुसून टाकायची मागणी झाली होती. ती मान्य झाली असती तर आज आपल्याकडच्या यादीत ग्रादीनच्या पुढे एकच गोल उरला असता आणि आपण म्हटलं असतं, बरा होता, विशेष काही नाही. ग्रादीन 1944 मध्ये माँटेव्हिडिओत गरिबीत वारला.

आकडा कमी दिसतो त्याचं दुसरं कारण साधं आहे. सामनेच नव्हते. ला प्लाताच्या दोन काठांना एकमेकांकडे जायला एक रात्र पुरायची, म्हणून अर्जेंटिना आणि उरुग्वे एकमेकांशी इतके खेळले की देशादेशांतली जगातली सर्वांत जास्त वेळा झालेली लढत तीच. बाकीच्यांना लांबचा प्रवास. चिली आणि अर्जेंटिनामध्ये अँडीज पर्वत उभा. तो ओलांडणारी रेल्वे 1910 मध्ये सुरू झाली. ब्राझीलला बोटीनं यायला कित्येक दिवस लागायचे. 1918 ची स्पर्धा रिओत व्हायची होती, ती इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे वर्षभर पुढे गेली. आजच्यासारखी पात्रता फेरीची अठरा-अठरा सामन्यांची मालिका तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

अशा काळात आंखेल रोमानोनं उरुग्वेकडून 28 गोल केले. 1911 पासून 1927 पर्यंत तो खेळत राहिला. त्याला मागे टाकलं एक्तोर स्कारोनेनं: 1917 ते 1930 या तेरा वर्षांत 52 सामने आणि 31 गोल. वर्षाला सरासरी चार सामने! मेस्सीचे अर्जेंटिनाकडून दोनशेच्या घरात सामने झाले आहेत.

स्कारोनेचे गोल कुठले, तेही बघा. 1917 च्या स्पर्धेत अर्जेंटिनाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात एकच गोल झाला, तो त्याचा. तेव्हा तो अजून एकोणीस वर्षांचाही नव्हता. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये ॲमस्टरडॅमला अंतिम सामना पुन्हा अर्जेंटिनाशीच. पहिल्यांदा 1-1. तीन दिवसांनी परत खेळवला, उरुग्वे 2-1 नं जिंकलं आणि विजयाचा गोल स्कारोनेचा. त्या काळात वर्ल्ड कप नव्हता, ऑलिंपिक हीच जगज्जेतेपदाची लढत होती. म्हणून तर 1924 आणि 1928 च्या दोन आणि 1930 व 1950 च्या दोन अशा चार चांदण्या उरुग्वे आपल्या जर्सीवर लावतं. 31 हा आकडा उरुग्वेत ऐंशी वर्षं टिकला. 2011 च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पेराग्वेविरुद्ध दोन गोल करून दिएगो फोर्लाननं त्याची बरोबरी केली आणि ऑक्टोबरात, पुन्हा पेराग्वेविरुद्धच, तो मागे टाकला. फोर्लानचे वडील 1967 मध्ये दक्षिण अमेरिकेचे विजेते, आणि आईकडचे आजोबा त्या संघाचे प्रशिक्षक. तीन पिढ्या खपल्या तेव्हा कुठं तो आकडा हलला. नंतर सुआरेसनं 69 पर्यंत नेला. सुआरेस थोर खेळाडू आहे. पण तक्त्यात 69 च्या खाली 31 बघून स्कारोने निम्म्याहूनही कमी, असं कुणी म्हणायला लागला तर मी गप्प बसणार नाही.

यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो: सामन्यांनी भागा, सरासरी काढा. वरवर पटणारी गोष्ट आहे. पण गिलेर्मो स्ताबिलेचं काय करणार? 1930 च्या वर्ल्ड कपमध्ये तो अर्जेंटिनाकडून चार सामने खेळला आणि आठ गोल केले. त्याच्या आयुष्यातले आंतरराष्ट्रीय सामने ते चारच. सरासरी दोन. पेले नाही, मेस्सी नाही, या हिशेबानं स्ताबिले सगळ्यांच्या वर बसेल. चिलीचा दाविद आरेयानो घ्या. 1925 मध्ये त्यानं साथीदारांबरोबर कोलो-कोलो क्लब काढला. 1926 ला सांतियागोत झालेल्या स्पर्धेत सात गोल करून तो पहिला आला. दुसऱ्या वर्षी क्लबचा संघ युरोपच्या दौऱ्यावर गेला असताना स्पेनमधल्या वायादोलिदला तो प्रतिस्पर्ध्याशी आदळला, पोटात इजा झाली आणि 3 मे 1927 ला तो तिथंच गेला. कोलो-कोलोच्या जर्सीवर बोधचिन्हाच्या वर एक काळी पट्टी असते, ती आरेयानोसाठी. त्याची सरासरी काढून त्याच्याबद्दल नेमकं काय कळणार आहे?

या सगळ्यात माझा जीव अडकलाय तो आर्थर फ्रीडेनराइशमध्ये. जन्म 1892, साओ पावलो. वडील जर्मन वंशाचे व्यापारी, आई कृष्णवर्णीय, कपडे धुण्याचं काम करणारी. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली 1888 मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माच्या फक्त चार वर्षं आधी. डोळे हिरवे, केस कुरळे. सामन्याआधी तो ते कुरळे केस चापून सरळ करायचा, असं सांगतात. गोऱ्यांच्या क्लबांत खेळायचं म्हणजे काय काय करावं लागायचं, ते एवढ्यावरून कळतं.

29 मे 1919. रिओतलं लारांजेइरासचं मैदान. तीन दिवसांपूर्वी ब्राझील आणि उरुग्वेची बरोबरी झालेली, 2-2. म्हणून विजेतेपदासाठी हा जादा सामना. नव्वद मिनिटं संपली, 0-0. तीस मिनिटं वाढवली, तरी 0-0. पेनल्टींवर निकाल लावायची पद्धत तेव्हा नव्हती, बदली खेळाडूही नव्हते. त्याच बावीस जणांनी आणखी तीस मिनिटं खेळायचं ठरलं. तो दुसरा वाढीव खेळ सुरू होऊन दोनच मिनिटं झाली असतील, चेंडू उजवीकडून आला, एतोरनं मारलेला फटका उरुग्वेचा गोलरक्षक सापोरितीनं अडवला, पण त्याच्या हातात तो राहिला नाही. सुटलेल्या चेंडूवर फ्रीडेनराइश धावून आला आणि त्यानं तो जाळ्यात घातला. 122 वं मिनिट. उरलेली अठ्ठावीस मिनिटं ब्राझीलनं कशी काढली असतील कोण जाणे. ब्राझीलचं हे पहिलं मोठं विजेतेपद. फ्रीडेनराइशचे बूट रिओतल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात दर्शनी काचेमागे ठेवले होते, दागिन्यांसारखे. पिक्सिंगिन्या या थोर संगीतकारानं त्या सामन्यावर एक चाल बांधली, तिचं नावच ‘एकास शून्य’.

ब्राझीलकडून फ्रीडेनराइशचे गोल किती? दहाच्या आसपास, वीस-बावीस सामन्यांत. ब्राझीलच्या गोलवीरांच्या यादीत त्याला शोधायला बरंच खाली जावं लागतं.

का? 1920 मध्ये ब्राझीलचा संघ चिलीतली स्पर्धा आटोपून ब्युनोस आयर्सला थांबला. तिथल्या एका वर्तमानपत्रानं ब्राझीलच्या खेळाडूंना माकडं म्हणून हिणवलं, व्यंगचित्र छापलं. काही खेळाडूंनी मैदानात उतरायला नकार दिला आणि मैत्रीपूर्ण सामना दोन्हीकडे अपुऱ्या संघांनिशी कसाबसा उरकला गेला. तो सामना मोजायचा? मी तरी नाही मोजणार. पण तो झाला होता, हे मात्र यादीत लिहीन, आणि का मोजला नाही तेही लिहीन. पुढच्या वर्षी, 1921 ला, स्पर्धाच ब्युनोस आयर्सला होती. संघात गोऱ्या कातडीचेच खेळाडू पाठवावेत अशी राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांची इच्छा असल्याचं तेव्हा बोललं आणि लिहिलं गेलं. लिमा बारेतो या कृष्णवर्णीय कादंबरीकारानं त्याविरुद्ध जळजळीत लेख लिहिला. लेखी हुकूम होता की नुसताच दबाव, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. साओ पावलो आणि रिओच्या संघटनांची भांडणंही होतीच. काहीही असो, दोन वर्षांपूर्वी देशाला विजेतेपद मिळवून देणारा फ्रीडेनराइश 1921 च्या संघात नव्हता. आणि 1930 ला, जगातला पहिला वर्ल्ड कप शेजारच्या उरुग्वेत होत असताना, साओ पावलोच्या संघटनेनं रिओवाल्यांशी वाजलं म्हणून आपले खेळाडूच पाठवले नाहीत. फ्रीडेनराइश तेव्हा 38 वर्षांचा होता, पण खेळत होता.

आंतरराष्ट्रीय गोल इतके थोडे, आणि एकूण गोल मात्र 1329, पेलेपेक्षाही जास्त! हा आकडा तुम्ही कुठं ना कुठं वाचला असेल. त्याची कुळकथा अशी. त्याचे वडील मुलाचे गोल वहीत टिपून ठेवायचे. पुढे मारियो दे आंद्रादा या संघातल्या साथीदारानं ते काम चालवलं. त्यानं एका पत्रकाराला सांगितलं की माझ्याकडे सगळा हिशेब आहे, 1239 गोल. पण कागद दाखवायच्या आधीच तो वारला. पत्रकारानं आकडा छापला. पुढे कुणाच्या तरी हातून 1239 चे 1329 झाले, म्हणजे मधले दोन अंक उलटे पडले, आणि तोच आकडा जगभर गेला. नंतरच्या संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं एकेक करून चाळली तेव्हा हाती लागले सुमारे साडेपाचशे गोल, जवळजवळ तेवढ्याच सामन्यांत. म्हणजे सामन्याला एक. हे काय थोडं आहे? पण 1329 इतका गाजला की खरा, तितकाच थक्क करणारा आकडा आता कमीपणाचा वाटतो. न पडताळलेल्या कौतुकानं माणसाचं असं नुकसान होतं.

आमच्या पेठेतही अशी माणसं आहेत. म्हातारे सांगतात, अमक्यानं शाहू स्टेडियमवर शंभरावर गोल मारले. सांगणाऱ्याचा चेहरा बघितला की विश्वास बसतो. कागद विचारला की तो कुणाकडेच नसतो. शंभर नसतील, साठ असतील. पण साठ आहेत असं दाखवता आलं असतं, तर तो माणूस उद्याही राहिला असता.

कोल्हापूरकरांना हे क्रिकेटमधून चांगलं ठाऊक आहे. आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ कमी. सुट्टीनंतर काठियावाडचा संघ मैदानात उतरलाच नाही, सामना सोडून दिला. तक्त्यात निंबाळकर ब्रॅडमनच्या खाली. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच, आणि या माणसाला एकही कसोटी मिळाली नाही. ते नऊ का राहिले हे माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस, दोघे 443 हा आकडा सारखा वाचत नाहीत.

आता उलट बाजूचा एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. जुन्या काळाचं एवढं कौतुक नको, तेव्हा दुबळे संघ फार होते, असं म्हणणारे आहेत. कोपा अमेरिकात आजवर सर्वांत जास्त गोल कुणाचे? मेस्सीचे नाहीत. अर्जेंटिनाचा नोर्बेर्तो मेंदेस आणि ब्राझीलचा झिझिन्यो, दोघांचे 17-17. मेंदेसनं ते 1945, 1946 आणि 1947 अशा तीनच स्पर्धांत केले, आणि तिन्ही वेळा अर्जेंटिना जिंकली. मेस्सीनं सात स्पर्धांत 14. आक्षेप घेणारे लगेच 1942 चा सामना काढतात: अर्जेंटिना 12, इक्वेडोर 0. किंवा 1949 ची स्पर्धा, जिच्यात ब्राझीलच्या जाइरनं नऊ गोल केले, पण अर्जेंटिना आलीच नव्हती आणि खेळाडूंच्या संपामुळे उरुग्वेनं कच्चा संघ धाडला होता. हे सगळं खरं आहे. पण मेस्सीनं 5 जून 2022 ला पांप्लोनात एस्तोनियाविरुद्ध एकट्यानं पाच गोल केले, ते त्याच्या खात्यातून कुणी वजा करतं का? दुबळ्यांविरुद्धचे गोल सगळ्याच काळात होतात. वजा करायचे तर दोन्हीकडून करा. माझं विचाराल तर कुठूनच करू नका, फक्त कुणाविरुद्ध ते लिहा.

मेंदेसच्या पिढीचं दुखणं वेगळंच होतं. युद्धामुळे 1942 आणि 1946 चे वर्ल्ड कप झाले नाहीत, 1950 आणि 1954 ला अर्जेंटिना गेलीच नाही. जगातला बहुधा सर्वांत देखणा खेळ खेळणारी एक अख्खी पिढी वर्ल्ड कपच्या एकाही यादीत नाही. कोपा अमेरिकाची यादी हाच तिचा दाखला.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आमच्या ग्रुपवर सांगितली तेव्हा थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. ब्राझीलसाठी सर्वांत जास्त गोल ना पेलेचे, ना नेयमारचे. मार्ताचे आहेत, शंभराहून जास्त. वर्ल्ड कपमध्ये 17 गोल, कुठल्याही पुरुषापेक्षा आणि कुठल्याही स्त्रीपेक्षा अधिक. तिच्या आधीच्या बायकांची यादी मात्र शोधून सापडणार नाही, कारण 1941 च्या सरकारी हुकमानं ब्राझीलमध्ये बायकांना फुटबॉल खेळायला बंदी होती आणि ती 1979 पर्यंत उठली नाही. जुन्या गोलवीरांच्या याद्यांवर ‘पुरुष’ असं लिहायचीही कुणाला गरज वाटली नाही.

मग नेयमारनं पेलेला मागे टाकलं का? माझं उत्तर: हो. देशादेशांतल्या सामन्यांचे तेवढेच मोजायचे, ही कसोटी दोघांना सारखी लावली तर 79 हे 77 पेक्षा जास्त आहेत. ब्राझीलच्या महासंघाला 95 म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण मग तीच फूटपट्टी फ्रीडेनराइशपासून नेयमारपर्यंत सगळ्यांना लावावी. ब्राझील आपला पहिला सामना मानतं तो 21 जुलै 1914 चा, एक्सेटर सिटी या इंग्लिश क्लबाविरुद्धचा. फ्रीडेनराइश त्यात होता. क्लबाविरुद्धच्या सामन्यानं ज्या देशाच्या संघाचा जन्म झाला, त्याला क्लबांविरुद्धचे गोल आपले वाटले तर त्यात नवल नाही. फक्त नियम आधी सांगा आणि नंतर तो कुणासाठी वाकवू नका.

आपल्याकडचे क्रीडा लेखक, मराठी विकिपीडियावर लिहिणारी तरुण मंडळी, यूट्यूबवर बोलणारे, सगळ्यांना विनंती एवढीच. या काळाचा आकडा लिहाल तेव्हा कुठले सामने धरले ते एका ओळीत लिहा. ते शोधणं आता अवघडही राहिलेलं नाही. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. पोर्तुगीज येत नसलं तरी नावं आणि आकडे लागतात, आणि गोव्यातल्या एखाद्या मित्राच्या घरी अजून पोर्तुगीज वाचणारं वडीलधारं माणूस निघतंच.

सामन्यांची यादी वाचायला लागलं की काय हाती लागतं, त्याचा एक नमुना. 1919 च्या त्याच स्पर्धेत उरुग्वेचा दुसरा गोलरक्षक रोबेर्तो चेरी चिलीविरुद्ध खेळताना जखमी झाला. अंतिम सामन्यात सापोरिती उभा होता तेव्हा चेरी रिओतच अंथरुणाला खिळला होता. फ्रीडेनराइशच्या गोलाच्या दुसऱ्या दिवशी, 30 मेला, तो वारला. 1 जूनला त्याच्या स्मरणार्थ रिओत ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात सामना झाला, निकाल 3-3. त्या दिवशी ब्राझीलनं चेरीच्या क्लबाची, पेन्यारोलची, काळी-पिवळी जर्सी घातली होती आणि अर्जेंटिनानं उरुग्वेची आकाशी.